जहाज एक, याद्या दोन

मैत्रिणींनो, जहाजाची सफर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सिनेमातलं जहाज उभं राहतं. गाणी, नाच, उंची कपडे, आणि त्यात आपण कुठेच नाही! पण गेल्या वर्षी, २०२५ च्या जूनमध्ये, मी आणि आमचे हे नॉर्वेच्या फियॉर्डमध्ये सात रात्री जहाजाने हिंडून आलो. आमच्या जहाजावर गुडघ्याला पट्टा बांधलेल्या आणि पर्समध्ये गोळ्यांची डबी बाळगणाऱ्या आजी-आजोबांचीच गर्दी होती. म्हणजे आपलीच मंडळी म्हणा ना!

आधी फियॉर्ड म्हणजे काय ते सांगते. आपल्या कोकणात जशा खाड्या आहेत तशा ह्या नॉर्वेच्या खाड्या. पण आपली खाडी नदीने केलेली, उथळ, गाळाची. फियॉर्ड कोरला तो बर्फाने. हजारो वर्षं हिमनद्यांनी डोंगर किसणीसारखे किसून खोल दऱ्या पाडल्या. पुढे बर्फ वितळलं आणि त्या दऱ्यांत समुद्र शिरला. सोग्नेफियॉर्ड हा नॉर्वेतला सर्वांत लांब फियॉर्ड, सुमारे २०५ किलोमीटर आत गेलेला, आणि सर्वांत खोल जागी तेराशे मीटर! महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून जितकं वर आहे, जवळजवळ तितकंच हे पाणी खाली. म्हणून तर एवढाली जहाजं डोंगराच्या कुशीत, अगदी गावाच्या दारापर्यंत जातात.

आता आमची अडचण. २०२३ मध्ये ह्यांची बायपास झाली. प्रकृती सुधारली, पण डॉक्टरांनी बजावून ठेवलंय, सपाटीवर हवं तेवढं चाला, चढ नको, थंड वाऱ्यात फार वेळ उभं राहणं नको. त्यात उजवा गुडघा कुरकुरतो. आमचा धाकटा हॅम्बर्गजवळ नोकरीला आहे, त्याने आग्रह धरला. जहाज हॅम्बर्गहूनच सुटणारं. पहिला दिवस समुद्रात, मग बर्गेन, फ्लोम, गायरांगर आणि ओलेसुंद ही चार गावं, परत एक दिवस समुद्रात, आणि आठव्या दिवशी पुन्हा हॅम्बर्ग. बसच्या सहलीसारखं रोज पहाटे उठून बॅगा बाहेर ठेवणं नाही. खोली तीच, कपाट तेच, गावं तेवढी बदलतात. ह्यांच्यासारख्या माणसाला ह्याहून सोयीचं काय?

पण खरी परीक्षा गावात उतरण्याची. जहाज सकाळी आठाला लागतं, संध्याकाळी पाचच्या सुमारास सुटतं. मधल्या वेळात काय करायचं ते आपण ठरवायचं. जहाजाच्या सहली घेतल्या तर महाग पडतात, पण त्यांच्या बसला उशीर झाला तर जहाज थांबतं. स्वतंत्र फिरलात तर स्वस्त, पण जहाज तुमच्यासाठी थांबणार नाही. सुटण्याच्या आधी निदान अर्धा तास परत यायलाच हवं. मी एक वही केली आणि प्रत्येक गावापुढे तीन प्रश्न लिहिले: सपाटीवर किती चालायचं? चढ किंवा पायऱ्या किती? बसायला जागा आणि स्वच्छतागृह कुठे? ह्या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली की निम्मी काळजी सरते. आणि एका गावात एकच मोठी गोष्ट. आठ तासांत चार ठिकाणं कोंबली की संध्याकाळी आठवणीत राहतात फक्त दुखणारे पाय.

निघण्यापूर्वीचं थोडं सांगते. नॉर्वे युरोपीय संघात नाही, पण शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे जर्मनी आणि नॉर्वे मिळून एकच व्हिसा पुरला. जहाज इंग्लंडच्या बंदरातून सुटणार असेल तर मात्र तिथला व्हिसा वेगळा, आणि शेंगेनचा व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा घ्या. प्रवासाचा विमा काढताना जुनं दुखणं लपवू नका, स्पष्ट लिहा. जहाजावर डॉक्टर असतात, पण त्यांची फी दणदणीत! बंदरावर मोठ्या बॅगा आपल्या हातातून घेतात, त्या केबिनच्या दाराशी यायला कधी कधी संध्याकाळ होते. म्हणून औषधं, डॉक्टरांची चिठ्ठी, एक स्वेटर आणि चष्मा हे सगळं हातातल्या पिशवीत. उत्तर समुद्रात जहाज थोडं डुलतं. केबिन शक्यतो जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर घ्या, तिथे हेलकावा कमी. मी आलेपाकाच्या वड्या आणि आवळा-सुपारी नेली होती. फियॉर्डमध्ये शिरल्यावर पाणी तळ्यासारखं निवांत होतं, तिथे काही लागत नाही.

जूनमध्येही तिथे आपल्या महाबळेश्वरच्या डिसेंबरसारखा गारवा. एकच जाड कोट नेण्यापेक्षा एकावर एक घालायचे कपडे बरे. आत सुती, वर लोकरी, त्यावर पाऊस न शिरणारं जाकीट. ह्यांची माकडटोपी पाहून धाकटा हसला, पण डेकवर वारा सुटला तेव्हा त्याच्या वडिलांचेच कान शाबूत होते! साडी नेसायची तर संध्याकाळी जेवायला. उतरताना सलवार-कमीज किंवा पँट आणि घट्ट बुटांना पर्याय नाही.

आता जहाजावरचं राहणं. चढल्या दिवशी सगळ्यांना सुरक्षेची कवायत करावीच लागते. भोंगा झाला की कुठे जमायचं, जाकीट कसं घालायचं, ते लक्ष देऊन ऐका. रोज रात्री केबिनमध्ये दुसऱ्या दिवसाचा कागद येतो. त्यात जेवणाच्या वेळा, कार्यक्रम आणि फियॉर्डमध्ये शिरण्याची वेळ असते. शाकाहारी असाल तर तिकीट काढतानाच कळवा, आणि पहिल्या रात्री जेवणघराच्या मुख्य वाढप्याला भेटून पुन्हा सांगा. आम्हांला रोज रात्री उद्याचं काय हवं ते विचारून जात, वरणभातसुद्धा मिळाला. केबिनमध्ये इस्त्री आणि पाणी उकळायची कांडी नेऊ देत नाहीत, आगीची भीती. समुद्रात असताना मोबाईलचं जहाजावरचं नेटवर्क भयंकर महाग पडतं, तेव्हा तो विमानातल्यासारखा बंद ठेवावा.

आमची केबिन झाडणारा मुलगा गोव्याचा निघाला. गोव्याची माणसं पिढ्यान्‌पिढ्या जहाजांवर नोकरी करत आली आहेत, तिकडे त्यांना 'तारवटी' म्हणतात. त्याने पहिल्याच दिवशी मला सांगितलं, "माई, गायरांगरला शिरताना पहाटे उठा. गावात काही राहिलं तरी चालेल, पण ते चुकवू नका."

आणि हो, दिवेलागणीचं काय करायचं? जूनच्या अखेरीस बर्गेनला सूर्य मावळतो रात्री अकरा वाजून गेल्यावर, आणि पहाटे चार-सव्वाचारला परत हजर! मी आपल्या घड्याळाच्या हिशेबाने सातला मनातल्या मनात शुभंकरोती म्हणत असे. झोपताना पडदा घट्ट ओढून घ्या.

सगळ्यांत अवघड होतं ते रिकामे हात. पहिल्या सकाळी पाचला जाग आली, तर दूध तापवायचं नाही, डबा नाही, कुणाला उठवायचं नाही. मी दोन वेळा केबिन आवरली. गोव्याचा मुलगा हसून म्हणाला, "माई, मग मी काय करू?" खरंच, आपल्याला काही न करणं शिकवलेलंच नाही.

बर्गेनला पाऊस हा पाहुणा नव्हे, घरचाच माणूस. वर्षातून दोनशेहून अधिक दिवस तो हजर. छत्री घेऊनच उतरा. बंदराकाठी ब्रिगेन नावाची लाकडी घरांची जुनी रांग आहे, तिरकी, एकमेकींना टेकलेली, लाल-पिवळ्या रंगांची. १७०२ च्या आगीत जळून गेली ती लोकांनी जुन्याच आराखड्यावर पुन्हा उभारली. १९७९ पासून ती जागतिक वारशात आहे. शेकडो वर्षं इथे जर्मन व्यापाऱ्यांची वखार होती. सुक्या माशांचा व्यापार. त्यांच्या कारकुनांना लग्न करायची परवानगी नव्हती, आणि आगीच्या भीतीने ह्या घरांत चूलही पेटवायची नाही. स्वयंपाक मागच्या वेगळ्या दालनात. बाई नाही आणि चूल नाही, अशी ही घरं! मी ह्यांना म्हटलं, "बघा हो, कसे दिवस काढले असतील?" हे म्हणाले, "म्हणूनच हिशेबात चोख असतील!"

तिथून थोड्याच अंतरावर फ्लोयेन डोंगरावर चढणारी दोराची रेल्वे आहे, १९१८ पासूनची. काही मिनिटांत ती तुम्हांला ३२० मीटर वर नेते, आणि वर सपाट फरसबंदी, बाकडी, खाली सगळं गाव. गुडघेदुखीवाल्यांनी इथेच जावं.

फ्लोम त्याहून सोयीचं. गाव एवढंसं, धक्क्यापासून रेल्वे स्टेशन चार पावलांवर. तिथून मिर्डालपर्यंत २० किलोमीटरची रेल्वे आहे, १९४० साली सुरू झालेली. समुद्रकाठावरून निघून तासाभरात ती ८६६ मीटर चढते. वाटेत २० बोगदे, त्यांतले बहुतेक हाताने खोदलेले. आपल्या बोरघाटात ३७ फुटांमागे एक फूट चढ आहे, इथे १८ फुटांमागे एक. मध्ये एका धबधब्याशी गाडी थांबते, उन्हाळ्यात तिथे संगीत लागतं आणि लोककथेतल्या वनकन्येचा वेष घातलेली बाई कड्यावर नाचते. थोडं नाटकी आहे, पण डब्यातल्या सगळ्या आजीबाई टाळ्या वाजवत होत्या. ह्या गाडीची तिकिटं महिनोन्‌महिने आधी काढून ठेवा. एका वेळी हजारो माणसं जहाजातून उतरतात, आयत्या वेळी जागा मिळत नाही.

आता गायरांगर, ज्याच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला.

पहाटे पाचला आम्ही दोघं लोकरी कपड्यांत गुंडाळून डेकवर बसलो. पंधरा किलोमीटरचा हा फियॉर्ड २००५ पासून जागतिक वारशात आहे. दोन्ही बाजूंना सरळसोट कडे. आषाढात वरंधा घाटातून जाताना जसे कड्याकड्यांवरून पांढरे पाट सुटलेले दिसतात तसेच, पण खाली रस्ता नाही, काळंशार पाणी. एका बाजूला 'सात बहिणी' नावाचे सात धबधबे, समोरच्या कड्यावर एकटा 'मागणी घालणारा'. सातही जणींनी नाही म्हटलं, म्हणून बिचारा बाटलीच्या नादी लागला म्हणे, आणि त्या धबधब्यात बाटलीचा आकार दिसतोही!

त्या कड्यांवर उंच उंच जागी जुनी शेतघरं दिसतात. चार हात सपाट जमीन आणि पुढे खोल कडा. लेकरं खाली पडू नयेत म्हणून त्यांना दोरीने बांधून ठेवत, असं सांगतात. त्यांपैकी स्कागेफ्लो नावाच्या शेतावरचे शेवटचे लोक १९१६ साली उतरून गेले. आणि गंमत म्हणजे नॉर्वेचे राजे हाराल्ड आणि राणी सोन्या ह्यांनी १९९३ साली लग्नाचा पंचविसावा वाढदिवस त्याच शेतावर साजरा केला. राजवाडा सोडून कड्यावर!

गायरांगरला आमचं जहाज मध्येच नांगर टाकून उभं राहिलं आणि लोकांना लाँचने किनाऱ्यावर नेऊ लागले. लाँच लाटेबरोबर वरखाली होते, पाऊल नेमकं टाकावं लागतं. गावात जे पाहण्यासारखं, ती धबधब्याच्या कडेकडेने वर जाणारी तीनशेहून जास्त पायऱ्यांची वाट. माझ्या वहीत गायरांगरपुढे मी लिहिलं होतं: 'उतरायचं नाही. डेकवर बसणे.' माझं नाव वेगळं लिहायची गरज मला वाटली नव्हती. आमच्या घरात यादी नेहमी एकच.

आदल्या रात्री ह्यांनी वही मागून घेतली. चष्मा लावून सगळी वाचली आणि म्हणाले, "ही माझी यादी झाली. तुझी कुठे आहे?" मी म्हटलं, "अहो, दोघांची एकच." त्यावर हे थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "दोन वर्षं झाली, माझ्या दुखण्यापायी तू बाहेरचं एकेक सोडत चाललीस. भजनीमंडळ सोडलंस, पहाटेचं फिरणं सोडलंस. तुला वाटतं मला बरं वाटत असेल. मला ओझं वाटतं गं!"

मैत्रिणींनो, सदतीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. आपण एखादी गोष्ट सोडतो तेव्हा ती प्रेमानेच सोडतो, पण ती कुणाच्या खात्यावर मांडली जाते, ह्याचा विचार कोण करतं? माझ्या डोळ्यांत पाणी आलं, थोडा रागही आला. ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर बसलेली मी मला आठवली. एकट्याला सोडून जायचं, आणि तेही परमुलखात, पाण्यावर? छातीत काही झालं तर? हे म्हणाले, "जहाजावर डॉक्टर आहे. घरी तू भाजी आणायला जातेस तेव्हा कोण असतं?" ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

शेवटी व्यवस्था केली तेव्हाच मन तयार झालं. गोळ्या खिशात, केबिनच्या किल्लीचं कार्ड गळ्यात, बसायची जागा ठरलेली, गोव्याच्या मुलाला सांगून ठेवलेलं, आणि परत यायची वेळ साडेबारा, अगदी घड्याळ लावून. मग मी लाँचमध्ये पाऊल टाकलं.

पायऱ्या चढताना धबधबा एवढा जवळून जातो की तुषार तोंडावर येतात आणि स्वतःचा श्वासही ऐकू येत नाही. मी थांबत थांबत, कुणाच्या पायांचा हिशेब न करता चढले. पहिल्या शंभर पायऱ्यांवर दर दहा पायऱ्यांनी मागे वळून जहाजाकडे पाहिलं. मग कधी पाहायचं राहिलं ते कळलं नाही. खाली येऊन एका छोट्या हॉटेलात बसले आणि एकटीने एक प्लेट मागवली. हृदयाच्या आकाराचे वॉफल, वर जॅम आणि तपकिरी चीज. हे चीज म्हणजे दूध फाटल्यावर उरलेलं पाणी आटवून आटवून केलेलं. चव थेट बासुंदीच्या खरवडीची, जराशी खारट! १८६३ साली आने होव नावाच्या गवळणीने त्या पाण्यात साय घालून आटवायची युक्ती काढली. तिच्या चीजला भाव आला, तिच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्यांचे वाईट दिवस निभावले, आणि १९३३ साली राजाने तिला पदक दिलं. एका बाईच्या कढईतून केवढं निघालं पाहा.

सव्वाबारालाच परत आले. हे आपल्या जागेवर, पायांवर शाल, शेजारी एक जर्मन आजोबा, मध्ये बुद्धिबळाचा पट. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती! त्या रात्री जेवताना आम्ही जितकं बोललो तितकं कित्येक वर्षांत बोललो नसू. मी धबधब्याचं सांगत होते, हे आजोबांच्या घोड्याच्या चालीचं. दोघांनी सतत एकच पाहिलं तर एकमेकांना सांगायला उरतं काय?

ओलेसुंदला मग दोन याद्या झाल्या. १९०४ च्या जानेवारीत एका रात्रीत हे लाकडी गाव जळालं, दहा हजार माणसं बेघर झाली. तीनच वर्षांत दगड-विटांनी ते पुन्हा बांधलं, वेलबुट्टी, मनोरे, कमानी ह्यांनी नटवून. गावामागच्या आक्सला टेकडीवर ४१८ पायऱ्या जातात. मी पायऱ्यांनी गेले, हे चाकांवरच्या छोट्या पर्यटक-गाडीने. वर पोचले तर हे आधीच कॉफी घेऊन बसलेले. "उशीर केलास," म्हणाले.

परत आल्यावर सगळ्यांना हे रुचलं असं नाही. माझी नणंद म्हणाली, "वहिनी, बायपास झालेल्या माणसाला परक्या जहाजावर सोडून तू डोंगर चढायला गेलीस?" तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही, काळजीनेच बोलली ती. पण उत्तर मी दिलं नाही, ह्यांनीच दिलं: "मी पाठवलं तिला." आता गुरुवारी मी भजनाला जाते आणि हे तेवढ्या वेळात शेजारच्या काकांबरोबर बुद्धिबळ मांडतात.

तुमच्यापैकी कुणाचा बेत असेल तर शेवटच्या दोन सूचना. जागतिक वारशातल्या फियॉर्डमध्ये प्रदूषण करणाऱ्या जहाजांवर नॉर्वेने निर्बंध आणले आहेत. लहान प्रवासी जहाजांना ते २०२६ च्या जानेवारीपासून लागू झाले, मोठ्यांना २०३२ पर्यंत मुदत आहे. तेव्हा आपलं जहाज गायरांगरला जातं ना, ते पैसे भरण्यापूर्वी विचारून घ्या. आणि दुसरी, वही कराल तेव्हा पानाच्या मध्ये उभी रेघ मारा. एका बाजूला त्यांची यादी, दुसऱ्या बाजूला तुमची. बऱ्याच गोष्टी दोन्हीकडे सारख्याच निघतील, त्या दोघांनी मिळून करा. ज्या निघणार नाहीत त्या पुसून टाकू नका, तिथे फक्त परत भेटायची वेळ लिहा.